टॉवेलबाईंच्या गाठी

सिस्टर जुन्या दवाखान्यात परत गेली ती फक्त टॉवेलांची ट्रंक आणायला. नव्या इमारतीची फीत कापून तास झाला होता आणि पाहुणे चहा पीत होते. चाळीस नवे टॉवेल आले होते, पण ते गठ्ठ्यासकट तिने कपाटात कुलूपबंद केले होते. न धुतलेलं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, ही बाईंची शिकवण.

बाई म्हणजे टॉवेलबाई. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका रिकाम्या गोदामात एक खाट टाकली, शेगडी पेटवली, आणि झाला दवाखाना! मग घराघरातून विटा आल्या. एकाने तर बायकोच्या शिव्या खात स्वतःच्या घराचं दार काढून आणलं. एका खाटेच्या चार झाल्या, चाराच्या वीस. बाईंची पद्धत मात्र बदलली नाही. येणाऱ्या प्रत्येक बाळासाठी एक टॉवेल आधीच शेगडीवर गरम करायचा, त्याच्या कोपऱ्याला गाठ मारायची, आणि बाळ रडलं की ती सोडायची.

"गाठ आहे तोवर काम बाकी आहे," त्या म्हणत, "आणि गरम टॉवेलातलं बाळ रडतंच."

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. उद्या जुनी इमारत पाडणार होते. मग बाई कुठे जातील, हा वेडा प्रश्न सिस्टरला सकाळपासून छळत होता, आणि विचारायचा तरी कुणाला?

आभाळ भरून आलं होतं. भर दुपारी आत काळोख होता. उंबऱ्यातच तिला वास आला... तापलेल्या कापडाचा, कोळशाचा. शेगडी तर तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती.

उघड्या खाटेवर तीन टॉवेल घडी करून ठेवले होते. तिने हात लावला आणि चटकन मागे घेतला. टॉवेल गरम होते. तिन्हींच्या कोपऱ्यांना गाठी होत्या.

"कोण... कोण आहे?"

कोपऱ्यात निखारा तडकावा तसा आवाज झाला. कोपरा रिकामा होता.

तेवढ्यात बाहेरून दवाखान्याच्या मावशींनी हाक मारली, "ताई, धावा! ट्रॅक्टरमधून बाळंतीण आणलीय. पोट बघा केवढं, जुळंच असणार!"

ट्रंक राहिली तिथेच. तिन्ही टॉवेल छातीशी धरून सिस्टर पळाली.

नव्या खोलीत पहिलं बाळ आलं, रडलं. दुसरं आलं, तेही रडलं. सिस्टरने दोन गाठी सोडल्या. डॉक्टर हातमोजे काढू लागले.

"झालं! पहिल्याच दिवशी जुळं."

"डॉक्टर... अजून एक आहे."

"कशावरून?"

तपासणीचं यंत्र अजून खोक्यातच होतं. दारापलीकडे अख्खं गाव उभं होतं. चूक ठरली असती तर बावीस वर्षांची अब्रू धुळीला मिळाली असती. पण तिसरा टॉवेल तिचा हात भाजत होता.

"गाठ सुटलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही परत बघा. चुकले तर उद्यापासून येणार नाही."

डॉक्टरांनी चिडूनच हात घातला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

तिसरं पायाकडून आलं. निळंसावळं, मूठभर, आवाज नाही. सिस्टरने त्याला टॉवेलात घेतलं आणि ती पाठ चोळत राहिली. मग ते पोर असं काही ठणाणा रडलं की बाहेर लोकांनी कपबशा टाकून टाळ्या पिटल्या! डॉक्टर स्टुलावर बसून हसत होते, बाळंतीण हसत होती, आणि सिस्टर तिसरी गाठ सोडत ओक्साबोक्शी रडत होती. एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

संध्याकाळी नवे टॉवेल धुवायला काढावे म्हणून तिने कपाट उघडलं. किल्ली दिवसभर तिच्याच कमरेला होती. गठ्ठ्याला गिरणीत बांधलेली दोरी तशीच होती. तिने ती कापली.

चाळीसच्या चाळीस टॉवेलांना गाठी होत्या. आणि वरचे टॉवेल गरम होते.

"आलात ना बाई, नव्या घरी!" ती हसतच म्हणाली. एकेक टॉवेल गालाला लावत ती शेवटच्यापर्यंत आली.

तो गार होता. त्यालाही गाठ होती.

गरम टॉवेलातलं बाळ रडतंच, आणि हा तर गार. मग तिने हीटर लावला आणि टॉवेल त्याच्यासमोर पसरला. "नाही बाई. हाही मी गरम करणार."

बाहेर दारावरची नवी घंटा वाजली. "आले!" म्हणत तिने जाताजाता टॉवेलला हात लावून पाहिला.

हीटर लालभडक झाला होता. टॉवेल अजून गारच होता.