पिंजऱ्यातला दुसरा आरोपी

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

एरंडोलच्या कोर्टात, गेल्या जानेवारीत, भर दुपारी. भुतं रात्रीच दिसतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा रुपचंदनानांना भेटावं.

साक्ष नानांचीच होती.

सात वर्षांपूर्वी एका रात्रीत कोणीतरी नानांच्या मळ्यातली केळीची दोनशे खोडं कापली. घडांनी लगडलेली बाग आडवी झाली. आठच दिवस आधी शेजारच्या पितांबरशी बांधावरून भांडण झालेलं. नानांनी बॅटरीच्या उजेडात पळणाऱ्या दोन पाठी पाहिल्या. नुसत्या पाठी. पण डोकं तापलेलं. पोलिसांना नावं देऊन मोकळे झाले... पितांबर आणि त्याचा मुलगा नवल.

मग तारखा सुरू झाल्या. गावातून सकाळची एसटी एकच, म्हणून फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीत. उतरताना पितांबर दर वेळी एवढंच विचारायचा,

"भाऊ, तू माले खरंच देखं व्हतं का?"

नाना खिडकीबाहेर बघायचे.

साक्षीच्या आदल्या पावसाळ्यात पितांबर खोकून खोकून गेला. शेवटपर्यंत निकालाचंच विचारत होता.

साक्षीच्या दिवशी एसटी खच्चून भरलेली. माणसं दारापर्यंत उभी.

पण नानांच्या शेजारची जागा रिकामीच... कोणी बसेना.

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले, तर मागून खोकला आला...

वळून पाहिलं. मागे भिंत होती.

नानांचा पुकारा झाला. शपथ झाली. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा नवल. सगळी जागा मोकळी असून तो एका बाजूला अंग चोरून उभा होता.

सरकारी वकील म्हणाले, "तुम्ही ज्यांना पाहिलं, ते आज कोर्टात हजर आहेत का? नीट बघून सांगा."

नानांनी पाहिलं.

पिंजऱ्यात दोघं होते...

नवलच्या शेजारी पितांबर. धुतलेली टोपी, जोडलेले हात. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. नुसता वाट बघत होता. तेच नानांना सोसलं नाही.

"नाही साहेब. मी कोणाचंच तोंड पाहिलं नव्हतं. रागाच्या भरात नावं घेतली."

नवल ढसाढसा रडायला लागला.

पितांबर मात्र जागचा हलला नाही...

पंधरा दिवसांनी निकाल लागला. नवल निर्दोष सुटला. नानांनी त्याच्या वकिलाला गाठलं. "आणि पितांबर?"

"तो वारला तेव्हाच त्याच्यापुरती केस बंद झाली, नाना. मेलेल्या आरोपीला कोर्ट दोषी म्हणत नाही, आणि निर्दोषही म्हणत नाही."

बाहेर पायरीवर पितांबरची बायको सुमनबाई बसली होती. नाना तिच्यापुढे वाकले.

"वैनी, पितांबरनी काहीच करेल नव्हतं."

"माले म्हाईत शे, नाना. त्यासले सांगाले पाहिजे व्हतं."

आता नाना दर मंगळवारी एरंडोलला जातात. तारीख नसते. मागच्या बाकावर बसून राहतात. पिंजऱ्यात दर वेळी नवे आरोपी येतात, जातात.

त्यांच्या मागे तो उभाच असतो...

"तू निर्दोष शे रे, घर चाल," नानांनी कितीदा तरी हळूच सांगून पाहिलं.

तो नानांकडे बघतच नाही. जजसाहेबांकडे बघत राहतो.