एकने सुरू होणारी तळी

ती जिना उतरत होती, तेव्हा चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन एक जण अनवाणी वर येत होता. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याला डाग पाडायचे नव्हते. माणूस बरा दिसतोय, असं तिच्या मनात आलं. मग ओळख पटली – हाच तो तळ्यांचं क्षेत्रफळ मोजणारा, ज्याच्याविरुद्धची तक्रार घेऊन ती साहेबांकडे निघाली होती.

आकडे तपासणं हे तिचं काम. ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणत.

"तुमची तळी खोटी आहेत," ती म्हणाली.

"खोटी? आत्ताच एकात पडून आलोय."

तिने हसू दाबलं आणि त्याला समजावलं. खऱ्या मोजणीत एकने सुरू होणारे आकडे सगळ्यात जास्त येतात, नऊने सुरू होणारे सगळ्यात कमी. शंभर चौरस मीटरच्या तळ्याला दोनशेवर जायला दुप्पट व्हावं लागतं. नऊशेचं जरासं वाढलं की हजारात, म्हणजे पुन्हा एकवर जातं. याच्या अहवालात मात्र एकपासून नऊपर्यंत सगळे सारखेच! घरी बसून आकडे रचणारे असंच करतात. तक्रार वर गेली की त्याची नोकरी गेलीच.

त्याचा चेहरा उतरला. "एकवाले फारच यायला लागले हो. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून... बरेचसे गाळले."

इतकी भोळी चूक कोण रचणार? तरी खात्री करायला ती त्याच्याबरोबर तळ्यांवर गेली. टेपचं एक टोक तिच्याकडे, दुसरं पलीकडच्या काठावर त्याच्याकडे. तीन-चार तळी झाली, आकडे अहवालाशी तंतोतंत जुळले. तिला इतकं हायसं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. तिने तक्रार फाडली. मोजणी मात्र पुन्हा करायची, तळी चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि काही गाळायचं नाही, असं बजावलं.

"म्हणजे डोळे मिटून?"

"हो. आवडनिवड आली की संपलं."

टेप गुंडाळत तो तिच्यापर्यंत आला. तिच्या हातातलं टोक काही त्याने मागितलं नाही.

"तुम्हाला मात्र... मी डोळे उघडे ठेवून निवडलंय."

"हा पक्षपात झाला."

"झालाच."

तिने पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"असू दे," ती म्हणाली. "माझाही झालाय."