काजळीतला हॉर्न

डिझेल इंजिनं भंगारात गेली आणि मग लोकांना त्यांचा लळा लागला. ती धावत होती तेव्हा धुराच्या नावाने नाकं मुरडणारेच आता बैठकीत रूळ मांडून हातभर लांबीची इंजिनं पळवत होते. आणि त्यांना सगळं अस्सल हवं होतं! ज्योत्स्ना वाढईचं नागपुरातलं घर या हौसेवरच चालायचं. गिऱ्हाइकाने मॉडेल आणून दिलं की ती केबिनमध्ये ड्रायव्हरची खुर्ची, ब्रेकचा दांडा, मोहरीएवढ्या दिव्यांचा फलक बसवायची, डिझेलच्या टाकीत नखाएवढा स्पीकर चिकटवायची आणि त्यात 'काजळीनाद' भरायची.

काजळीनाद म्हणजे इंजिनाच्या काजळीतून काढलेला त्याचा स्वतःचा आवाज. ताटात रांगोळी पसरून ताटाला टिचकी मारली की कण सरकून नक्षी होते ना, तसंच. केबिनचं छत आवाजाने सतत थरथरत असतं आणि त्या थरथरीप्रमाणे काजळीचा एकेक थर त्याच्यावर बसत जातो. लेसरने ते थर उलगडले की आवाज परत मिळतो. वर्षानुवर्षांचा, अगदी शेवटच्या फेरीपर्यंतचा.

त्या दिवशी टेबलावर खैरटोला खाणीच्या सतरा नंबरच्या इंजिनाचं मॉडेल होतं. ज्योत्स्नाचे वडील लटारी वाढई हेच इंजिन चालवायचे. तिने त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. स्पीकर नीट लागला का पाहायला तिने पहिलं बटण दाबलं. आवाज पुरवणाऱ्या कंपनीने सर्वांत खपणारा आवाज या बटणावर ठेवला होता. दोन लांब हॉर्न झाले, तिसरा मध्येच तुटला, पुन्हा वाजला, आणि मग ब्रेकची कानठळ्या बसवणारी किंकाळी.

म्हातारा आतल्या खोलीतून धडपडत बाहेर आला. त्याने शर्टाची एकच बाही घातली होती.

"कोनाकडून आनला हा?"

"कंपनीकडून, बाबा. काऊन?"

"माह्या हातचा हाय. तिसरा हॉर्न तोडून पुन्हा दाबाची सवय मले होती. अन् असा ब्रेक म्या जिंदगीत एकदाच लावला."

तो एकदा म्हणजे पिंपळटोल्याचा अपघात. तिथे रुळाला फाटक नव्हतं. त्याच गावच्या गिरजाबाईंचा मुलगा दिनकर ट्रॅक्टर घेऊन रुळावर आला आणि इंजिनाखाली गेला. चौकशी केली कुणी? खाणीच्याच साहेबांनी. त्यांनी ठरवून टाकलं की ड्रायव्हरने हॉर्न दिलाच नाही. फाटक न बसवणारी खाण सुटली, लटारीची नोकरी गेली आणि पिंपळटोल्यात त्याचं नाव खुनी पडलं. सतरा नंबर त्यानंतर कधी हललंच नाही. म्हणजे काजळीचा सर्वांत वरचा थर त्या दिवसाचाच होता.

ज्योत्स्ना पुण्याला गेली ती थेट डॉ. मेघश्याम ओगल्यांकडे. काजळीनाद त्यांचाच शोध आणि कंपनीही त्यांचीच. तिने मॉडेल त्यांच्यासमोर आदळलं.

"हा आवाज कुठल्या दिवसाचा?"

"नाही सांगता यायचं. यंत्र तुकडे निवडतं आणि जोडतं. हा फार जिवंत वाटला, म्हणून पहिल्या बटणावर घेतला."

"आणि माणसांचे आवाज?"

"ते यंत्र गाळून टाकतं. लोकांना इंजिन हवं असतं. माणसांचं बोलणं आमच्या दृष्टीने कचरा."

"गाळण्याआधी कुणी ऐकलं तरी?"

"कुणीच नाही."

ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक पोरगा मेला त्या आवाजात! माझा बाप जिवंतपणी मेला! आणि तुम्ही ते खेळण्यात घालून विकता? लाज कशी वाटत नाही हो?"

ओगल्यांची मान खाली गेली. त्यांनी कपाटातून तळहाताएवढा पत्रा काढला. सतरा नंबरच्या छताचा एवढाच काजळीचा तुकडा शिल्लक होता.

"हा काही न गाळता, जसाच्या तसा वाचून देतो. पण एक समजून घ्या. लेसर थर वाचतो तसा जाळत जातो. हा एकदाच ऐकता येईल."

"तुम्ही तेव्हाच रेकॉर्ड करा."

"करीन. पण आता कुणीही कुणाचाही आवाज संगणकावर बनवतो. म्हणून न्यायालय रेकॉर्डिंग मानत नाही, काजळी मानतं. ती न्यायाधीशांसमोर वाचावी लागते. आज अर्ज केलात तर आठ-दहा वर्षांनी नंबर लागेल."

"बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत," ज्योत्स्ना म्हणाली. खरं जपायचं तर ते ऐकायचं नाही, असला कसला हा शोध! तिला तो पत्रा ओगल्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

तिने वडिलांना फोन लावला. "कोर्टाचं मले काय कराचं हाय?" लटारी म्हणाला. "गिरजाबाईनं आयकलं पायजे." पण यंत्र खोलीएवढं होतं, ते गावी नेणं शक्य नव्हतं, आणि गिरजाबाईंनी निरोप पाठवला की खुन्याच्या बोलावण्यावर मी येत नाही. शेवटी लटारीच पुण्याला आला आणि पत्रा त्याच्यासमोर वाचला गेला. दोन लांब हॉर्न, तुटलेला तिसरा, पुन्हा हॉर्न. मग तरण्या लटारीचा फाटलेला आवाज: "हट रे बाबू, हट! उडी मार!" आणि ब्रेक. म्हातारा ढसाढसा रडला. यंत्रातून पत्रा निघाला तो कोरा करकरीत होता.

दोन दिवसांनी बाप-लेक पिंपळटोल्यात गिरजाबाईंच्या अंगणात उभे राहिले. म्हातारीने त्यांना बसा म्हटलं नाही. ज्योत्स्नाने रेकॉर्डिंग लावलं. गिरजाबाईंनी ते पूर्ण ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. लटारी हात जोडून उभा होता.

"चांगला बनवला वं बाई आवाज," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "अगदी खरा वाटते."

"बनवला नाही जी मावशी! खरा हाय, इंजिनाच्या काजळीतून काढला!" ज्योत्स्ना ओरडलीच.

"असू दे. बापासाठी केलं तुनं." म्हातारीने तिचा हात धरला. "माह्या दिन्याचा बी एक बनवून देजो. नुस्ता 'माय' म्हनला तरी चालन."