आधीच तयार असलेली कॉफी

दार वाजलं तेव्हा येसेनिया स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून टॉवेलनं कॉफी टिपत होती. दारात एक उंच माणूस उभा होता. हातातल्या लोकरी टोपीशी चाळा करत तो म्हणाला,

“तसं विशेष काही नाही… पण खाली माझ्या वर्कशॉपमध्ये जरा कॉफीचा पाऊस पडतोय.”

मिनेसोटातली माणसं अशीच. घराला आग लागली तरी ‘जरा उबदार वाटतंय’ म्हणतील!

झालं होतं असं, की रात्री तिनं कॉफीच्या यंत्रात पाणी आणि पूड भरून सहाची वेळ लावली, पण थर्मासचा जग धुतला तो ओट्यावरच राहिला. यंत्राला काय, ते आपलं सहाच्या ठोक्याला सुरू झालं. कॉफी ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आणि लाकडी फळ्यांच्या फटींतून थेट खाली.

“अरे देवा! कशावर पडतेय?”

“एका होडीवर. कालच व्हार्निश दिलं होतं.”

“मग… वाट लागली तिची?”

“नाही तशी,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “उलट रंग बरा आलाय.”

येसेनिया खळखळून हसली. किती आठवड्यांनी हसली, तिलाच आठवेना. त्याचं नाव आर्ने क्वाम. उन्हाळ्यात तळ्यावर फिरणाऱ्या लाकडी होड्या तो हिवाळाभर खाली दुरुस्त करायचा. मनगटापर्यंत व्हार्निशचे डाग, आणि डोळे… डोळे वर बघायचे आणि लगेच टोपीकडे वळायचे.

“कॉफी घेणार? जमिनीवरची नाही हं, नवी करते.”

“नको नको. उगाच तुम्हाला त्रास.”

“बरं,” ती म्हणाली.

तो तसाच उभा. यंत्राकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघितलं. “तर मग… निघतो,” म्हणाला, आणि जागचा हललाच नाही. बिचाऱ्याला निघता येत नाहीये, असं वाटून येसेनियानंच पुढं होऊन दार उघडलं. तो खाली मान घालून जिना उतरला.

आता तुम्ही म्हणाल, पोरीनं पुन्हा एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. तिकडे तिच्या शहरात, फिनिक्सला, भर हॉटेलात, चार लोकांसमोर, ब्रेंट तिला म्हणाला होता, “किती मागे लागतेस गं! नाही म्हटलं की नाही, एवढंही कळत नाही तुला?” ज्याच्यासोबत ती लग्नाची स्वप्नं बघत होती, तो. ते शब्द काट्यासारखे आत रुतले होते. ती काम करायची त्या औषधांच्या दुकानांच्या कंपनीनं ‘मिनेसोटात, ग्रॅनाइट बे गावी, हिवाळ्यापुरतं कोण जाईल?’ असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि हिनं हात वर केला. आणि मनाशी ठरवलं, आता कुणालाही काही दोनदा म्हणून विचारायचं नाही.

ते वेळ लावायचं यंत्रही तिनं इथं आल्यावर घेतलं. घाईसाठी नव्हे हो. पहाटेच्या अंधारात अंथरुणात पडल्या पडल्या स्वयंपाकघरातून गुडगुड ऐकू यायची, मग वास यायचा, आणि क्षणभर वाटायचं, घरात आपल्याआधी कुणीतरी उठलंय… आपल्यासाठी कॉफी करतंय. मग ती उठायची. कुणी नसायचं.

त्या यंत्रात एका माणसापुरती कॉफी धड होतच नाही, नुसतं गढूळ पाणी येतं. म्हणून ती अर्धा जग भरायची, एक मग प्यायची आणि दुकानात जायची. संध्याकाळी काळोखात परत येऊन जगाचं झाकण उघडलं, की अजून वाफ यायची. तिची वाट बघत दिवसभर गरम राहिलेलं त्या घरात तेवढंच होतं. ती कोट न काढता उभ्या उभ्या ती कॉफी प्यायची, आणि कधी कधी चक्क रडायची.

आर्ने मात्र येत राहिला. आधी फळ्यांच्या फटी बुजवायला. मग खिडकीतून वारा येतो का बघायला. मग बुजवलेल्या फटी नीट बसल्यात का, ते बघायला…

“होडी कशी आहे तुमची?” ती विचारायची.

“वास जात नाही अजून. गिऱ्हाईक म्हणतं, आता मासे रात्रभर जागे राहणार.”

“मग झोपेची गोळी देते दुकानातून. माशांना किती लागते?”

“बघावं लागेल,” तो म्हणायचा. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, नजर खुंटीवरच्या दुसऱ्या, कधीच न वापरलेल्या मगवर जायची.

“कॉफी?”

“नको नको, त्रास नको.”

“बरं.”

“तर मग… निघतो.”

आणि ती दार उघडायची. दर वेळी तो गेल्यावर घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

फेब्रुवारीत फिनिक्सहून फोन आला. दुकानातली तुझी जुनी जागा रिकामी झालीय, सोमवारी काय ते कळव. येसेनियानं रविवारी चर्चच्या तळघरात घरमालकीण व्हर्नाबाईंना गाठलं. प्रार्थनेनंतरची कॉफी संपत आली होती. ताटात लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा होता. शेवटचा घ्यायचा नाही म्हणून जो तो त्याचा अर्धाच कापून नेत होता आणि आता जेमतेम नखाएवढा उरला होता.

“मी खोली सोडतेय, व्हर्नाबाई.”

“अगं! आणि आर्ने?”

“त्याचं काय? त्याला तर माझी साधी कॉफीसुद्धा नको असते.”

“कितीदा विचारलंस?”

“येतो तेव्हा प्रत्येक वेळी. एकदा.”

“एकदाच?” व्हर्नाबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. “अगं बाई माझे! एकदा विचारणं म्हणजे नुसतं हॅलो झालं. पहिल्यांदा इथं सगळेच नाही म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणायचं, ‘माझ्यासाठी मुद्दाम नको.’ तिसऱ्यांदा म्हणायचं, ‘आधीच तयार असेल तर अर्धा कप.’ पहिल्या फटक्यात हो म्हटलं असतं, तर त्याच्या आईनं कान उपटला असता त्याचा!”

“पण तो ‘निघतो’ म्हणायचा…”

“आणि निघायचा का?”

“नाही ना! म्हणून तर मी दार उघडायचे.”

व्हर्नाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम हसू आवरून म्हणाल्या, “परवा मला विचारत होता बिचारा, वरच्या बाईंना माझा त्रास होतो का म्हणून.”



सोमवारी सहाला यंत्र गुडगुडलं. तिनं जग उचलला, दोन्ही मग घेतले आणि जिना उतरली. फोन कोटाच्या खिशात होता. आर्ने होडीवर वाकून कड घासत होता. तिला बघून त्यानं घाईघाईनं टोपी काढली.

“कॉफी घेणार?”

“नको नको, त्रास नको.”

‘किती मागे लागतेस गं!’ कानात ब्रेंट बोलला. दाराकडे वळावं, वर जावं, फोन लावून टाकावा…

“घ्या ना थोडी.”

आर्नेचा हात थांबला. त्यानं वर बघितलं, आणि या वेळी नजर टोपीकडे वळली नाही.

“माझ्यासाठी… मुद्दाम नको.”

“मुद्दाम नाही,” ती जग पुढं करत म्हणाली. “रोजच जास्त होते. रोज उरते. घे ना, आर्ने.”

बाहेर छपरावरून बर्फाचा ढीग धप्पकन खाली घसरला.

“आधीच तयार आहे म्हणतेस, तर…” तो हळूच म्हणाला, “अर्धा कप.”

अर्धा कप झाला. मग आणखी अर्धा. दोघं उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले.

“व्हर्ना म्हणाली, तू चाललीस.”

“आज फोन करायचाय.”

त्यानं आपला मग दोन्ही हातांत गोल फिरवला. एकदा, परत एकदा.

“जाऊ नकोस ना… थांब.”

“थांबते,” येसेनिया म्हणाली.

तो दचकून बघतच राहिला. “अगं… निदान दोनदा तरी नाही म्हणायचं असतं!”

“काय करू?” हसता हसता तिचे डोळे भरून आले. “माझं आधीच तयार होतं.”

आर्ने क्वाम कानांपर्यंत लाल झाला. आणि मग त्यानं, तिनं विचारायच्या आतच, आपला रिकामा मग पुढं केला.