वरच्या खोलीतली भाडेकरू

फाटकाशी एक तरुण उभा होता आणि त्याच्या शेजारी गवत कापायचं यंत्र. केसांत गवत, शर्टावर गवत, एका भुवईवरसुद्धा गवताची काडी. ती ऑफिसातून दमूनभागून आली होती, तरी तिला हसू आवरेना.

"यंत्रवाले काका इथेच राहतात ना?" त्याने विचारलं. "काल त्यांनी हे दुरुस्त करून दिलं. तेव्हापासून सुरू होतं, पण… बंद होत नाही. माझ्या रोपवाटिकेत गुलाबाच्या कलमांवरून फिरून आलंय."

यंत्रवाले काका म्हणजे तिचे बाबा. आई गेली, बाबा निवृत्त झाले, आणि रिकाम्या वेळात त्यांनी घरातली एकेक वस्तू उघडायला घेतली. घरातल्या संपल्या तशा शेजाऱ्यांच्या. तेही फुकट, वर चहा पाजून. आता इस्त्री लावली की दारावरची घंटा वाजायची, आणि फ्रिजचं दार सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवावं लागायचं. मैत्रिणींना घरी बोलवायची सोय उरली नव्हती.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

त्याचे डोळे भलतेच चांगले होते. तिथेच घोळ झाला.

"मी? मी… वरच्या खोलीत भाड्याने राहते."

"वाचलात मग. घरच्यांचं काय होत असेल."

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली. तेवढ्यात गॅरेजातून बाबा बाहेर आले, आणि तिला दिसलं की गॅरेजची खिडकी सताड उघडी आहे. आता हे 'चिमे' म्हणून हाक मारणार, संपलं सगळं. पण बाबा तिच्याकडे बघून अदबीने म्हणाले, "आलात का बाई? वर पाणी आलंय, भरून घ्या."

ती चोरासारखी जिना चढली.

रात्री दोघं जेवायला बसली. माफी मागायची म्हणून तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घास कोंबला. शेवटी बाबाच म्हणाले, "मुलगा बरा वाटतो. कान तेवढे चटकन लाल होतात." बस, एवढंच.

तो पुन्हा आला. मग येतच राहिला.

"यंत्र परत बिघडलं?" ती जिन्यावरून विचारायची.

"नाही ना. ठीक चाललंय, म्हणून काळजी वाटली."

एकदा त्याने मोगऱ्याचं रोप आणलं.

"माझ्या हातून रोपं जगत नाहीत," ती म्हणाली.

"मग रोज येऊन बघावं लागेल मला… रोपाला." आणि कान लाल. "बरं, आज काकांचं काय नवीन? पंख्याला शिट्टी बसवली की नाही?"

ती खळखळून हसायची आणि हसता हसता गॅरेजच्या खिडकीकडे बघायची. आत पान्याचा आवाज थांबलेला असायचा. तो गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज ठरवायची, उद्या सांगून टाकू. पण आता सांगितलं, तर तो म्हणेल, जी सख्ख्या बापाला नाकारते ती मला कधी नाकारेल याचा काय भरवसा? आणि तो यायचा थांबला असता, तर तिला ते अजिबात सोसलं नसतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो यंत्राशिवाय आला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. तिच्याकडे न बघता सरळ गॅरेजात गेला. ती मागोमाग धावली.

बाबा कुणाचा तरी पाण्याचा पंप मांडीवर घेऊन बसले होते.

"काका, या बाईंचे आईवडील कुठे असतात हो? मला भेटायचंय त्यांना. यांच्याकडे विषय काढला की या जिना चढायला लागतात."

बाबांनी पाना खाली ठेवला.

"आई नाही त्यांना," ते म्हणाले. "वडील असतात… लांब. मोठ्या हुद्द्यावर. अगदी टापटीप माणूस. हात असे स्वच्छ, की नखात एवढासा डाग सापडायचा नाही. मुलीने मान वर करून सांगावं, असे आहेत."

"बाबा, पुरे," ती म्हणाली.

ती त्याच्याकडे वळली. "हे माझे बाबा आहेत. भाडेकरू वगैरे कुणी नाही इथे. मला यांची लाज वाटली म्हणून खोटं बोलले, आणि आता माझी मलाच वाटते. तुम्ही यांना हसलात तेव्हा मीही हसले. तुम्हाला जायचं असेल तर… जा."

त्याचे कान लालबुंद झाले. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काका, मी तिथे उभा राहून तुमची किती टिंगल केली. सगळं ऐकू येत होतं?"

"शिट्टीची कल्पना वाईट नव्हती," बाबा म्हणाले.

तो तिच्याकडे वळला. "मला राग आलाय," हळूच म्हणाला. "पण जायचं नाहीये. उद्याही येईन… रागातच येईन."

ती रडत होती. तिने मान डोलावली.

"मग काका, आता तुम्हालाच विचारतो," असं म्हणून त्याने हात पुढे केला.

बाबा गडबडले. फडकं शोधून घाईघाईने हात पुसायला लागले, पालथे, उताणे, बोटांच्या बेचक्यांत. काळं काही निघेना, आणि ते पुसतच राहिले.

तिने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"राहू द्या, बाबा. तसाच द्या हात."