गाडीनं सांगितलेलं घर

"घर पहुँचने में पचास मिनट लगेंगे."

मंजुषा साळवेनं किल्ली फिरवली, पडदा उजळला आणि गाडीतली बाई असं बोलली. पडद्यावर एक निळी रेघ बिडकीनहून निघाली, अख्खं संभाजीनगर ओलांडून जालना रोडला लागली आणि करमाडला जाऊन थांबली. मंजुषानं काचेतून बाहेर बघितलं. ज्या अंगणात ती बसली होती, तेच तर या गाडीचं घर होतं.

"ऐकलं?" ओट्यावरून केसरबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी सहाला अशीच बोलावती."

मंजुषाचं काम तसं साधं. भाड्यानं दिलेल्या गाडीची मुदत संपली की ती परत घ्यायच्या आधी तपासायची. चरा कुठं, पोचा कुठं, टायर किती झिजले, ते लिहायचं आणि सही करायची. पुण्याच्या कंपनीनं तिला इथं पाठवलं होतं. सकाळीच कंपनीच्या इथल्या एजंटाचा, सोमनाथ औताडेचा फोन आला होता. "मॅडम, कशाला बिडकीनला हेलपाटा घालता? सही करून टाका, गाडी मी घेऊन येतो." मंजुषाला असल्या गोड बोलण्याचा भारी राग. म्हणून ती मुद्दाम आली.

ही पांढरी गाडी अप्पाराव ठोंबरे वापरत होते. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी, "ब्रेक नीट लागत नाय, एजंटाला दाखवून येतो," असं सांगून ते सकाळी निघाले. फोन घरीच चार्जिंगला राहिला. तिसऱ्या दिवशी गाडी कायगावच्या पुलाजवळ उभी सापडली. दार उघडं, आत त्यांच्या चपला. गोदावरीत दोन दिवस शोध घेतला, पण अप्पाराव मिळाले नाहीत. पोलिसांनी कागदावर बेपत्ता लिहिलं, महिन्यानं गाडी घरच्यांकडं दिली. आज चार महिने झाले.

कागदावर एक शब्द असला तरी गावाकडं दोन गोष्टी होत्या. अर्धं गाव म्हणे, म्हाताऱ्यानं उडी घेतली. अर्धं म्हणे, करमाडला दुसरं घर आहे, ती बाई गाडीतून बोलावते. लोकांना काय, जिभेला हाड नसतं!

"गाडी आधीपासून बोलायची का, मावशी?"

"नाय. ह्यांना रस्ते तोंडपाठ. नकाशा कधी लावलाच नाय. हे गेले, पोलिसांनी गाडी आणून लावली, तवापासून बोलती."

"मग तुम्ही रोज चालू कशाला करता?"

"ह्यांचा नियम होता. उभ्या गाडीचं इंजिन रोज फिरवायचं." केसरबाईंनी पदर सावरला. कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू होतं. "जाऊबाई म्हणती, पुसा आता. कुणाच्या भरवशावर पुसू, बाई? आन् ठेवू तरी कुणाच्या?"

मंजुषानं गाडी बंद केली. तरीही ती बाई मागच्या सीटवर बसून ऐकते आहे असं तिला उगाच वाटलं, आणि तिनं एकदा वळून बघितलंसुद्धा. सीट रिकामी होती.

तिनं कामाला हात घातला. चार महिने रस्त्यावर न आलेली गाडी, तरी किलोमीटर कराराच्या मर्यादेपेक्षा बरेच पुढं गेलेले. पुढच्या नंबरप्लेटला सरकारी खटका नव्हता. हा खटका एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही. इथं दोन साधे स्क्रू होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचा गालिचा उचलून तिनं टॉर्च मारली, पत्र्यावर कोरलेल्या चासी नंबराचा फोटो काढला आणि हातातल्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिली.

"ब्रेकचं काय म्हणत होते ते?" तिनं विचारलं.

"पाय खाली जातो, गाडी थांबत नाय, म्हणायचे."

मंजुषानं गाडी अंगणातून रस्त्यावर काढली आणि थोडा वेग घेऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ब्रेकमध्ये काडीचा दोष नव्हता.

चहा घेऊन श्रेया आली. अप्पारावांची एकुलती एक मुलगी, शेंद्र्याला एका कारखान्यात नोकरीला.

"ही गाडी भाड्यानं मीच घ्यायला लावली," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, विकतच घेऊ. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली, आता माझ्या नावाची पाहिजे. मी त्यांना वहीवर मांडून दाखवलं. विकत घेतली की शोरूमच्या बाहेर पडताच किंमत उतरते. कर्ज काढलं तर हप्ता आपला, विमा आपला, दुरुस्तीही आपलीच. भाड्यानं घेतली तर तीन वर्षं बिनघोर. सर्व्हिसिंग त्यांचं, टायर त्यांचे, मुदत संपली की किल्ली परत. तुम्ही काय सांगितलं असतं?"

"हेच. वर्षाला चारदोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला मी भाड्यानंच घे म्हटलं असतं."

"पण स्वतःची असती तर बाबांनी त्याच दिवशी ओळखीच्या मिस्त्रीकडून ब्रेक करून घेतले असते. करारात लिहिलंय, एजंटाशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणून गेले." श्रेयानं डोळे चोळले. "झोपच लागत नाही, ताई. डोळा लागला की ती बाई बोलते."

"करमाडला जाऊन का बघितलं नाहीस?"

श्रेयानं आईकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिथं खरंच दुसरं घर निघालं तर? आईला काय सांगू?"

मंजुषानं विषय बदलला. "दसऱ्याला गाडीची पूजा केली होती?"

"म्हंजे काय!" केसरबाईच बोलल्या. "हे एसटीची पण करायचे. चालवतो ती लक्ष्मी, मालक कोन का असंना. पर कंपनीचा कागद लई कडक. स्टिकर नाय, डाग नाय. मग मी बॉनेट उघडून आतल्या बाजूला हाताचा पंजा उमटवला. हळदकुंकू तेलात कालवून. तेलातलं जात नाय लवकर. सोळा आणे कुणाला दिसनार नाय, असं हे हसून म्हणले."

मंजुषा उठली. तिनं बॉनेट उघडून आतून बोट फिरवलं. बोटाला जुनी, काळी धूळ लागली. हळद नाही, कुंकू नाही, तेलाचा ओशटपणाही नाही.

केसरबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "माझा हात कुठं गेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा सोमनाथच्या संभाजीनगरातल्या कार्यालयात गेली. चाळिशीचा, तोंडात वेलदोडा, बोलणं लोण्यासारखं. "या मॅडम, या. झाली ना सही?"

"दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. अप्पाराव त्या दिवशी तुमच्याकडं आले होते?"

"नाय आले. पोलिसांना पण हेच सांगितलंय."

"गाडीचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी?"

"दसऱ्याच्या महिनाभर आधी. ब्रेकचे भाग नवे टाकले, बिल पुण्याला पाठवलंय. त्यानंतर त्या गाडीला आमच्या माणसाचा हात लागला नाय."

"बॉनेटसुद्धा कुणी उघडलं नाही? धुतलं नाही?"

"कशाला धुवील कोणी?"

"आणि चार महिन्यांचं भाडं माफ करताय म्हणे. तुमच्या खिशातून?"

"माणुसकी म्हणून, मॅडम. बिचारी विधवा बाई, तिच्याकडून काय घ्यायचं?"

"विधवा?"

सोमनाथनं वेलदोडा या गालातून त्या गालात नेला. "म्हंजे... तसंच धरायचं ना आता. बरं, मी निघू का? शेंद्र्याच्या पुढं रस्ता खोदलाय, मोटारसायकलवर घरी जायला तास लागतो."

"एजंट असून मोटारसायकल?"

"होती एक पांढरी, गिऱ्हाइकाला दाखवायची. दसऱ्यापासून दुरुस्तीला पडलीय."

बाहेर येऊन मंजुषानं पुण्याला एक फोन केला, फोटोतला नंबर वाचून दाखवला. उत्तर ऐकल्यावर दुसरा फोन तिनं फौजदार पुंडलिक गवळेंना लावला. अपघातांच्या तपासणीत त्यांची जुनी ओळख होती.

दुपारी बिडकीनच्या अंगणातून गाडी निघाली. मंजुषा चालवत होती, शेजारी साध्या कपड्यांत गवळे, मागं मायलेकी. केसरबाईंना घरी ठेवायचा प्रयत्न मंजुषानं केला होता.

"मी येनार," त्या म्हणाल्या होत्या. "दुसरी असली तर डोळ्यांनी बघीन. नसली तर गावाच्या तोंडावर सांगीन. चार महिने ना सवाष्ण, ना विधवा. बास झालं आता."

मंजुषानं पडद्यावरचं 'घर' दाबलं होतं आणि गाडीतली बाई रस्ता दाखवत होती. "दाएँ मुड़िए." मंजुषा उजवीकडं वळली. "सीधे चलिए." प्रत्येक वळणावर तो आवाज आला की श्रेया डोळे मिटून घ्यायची. शेंद्रा मागं पडलं, खोदलेला रस्ता आला. मंजुषालाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. माणसानं गुन्हा लपवावा आणि यंत्रानं तो न विसरता बोलत राहावा, हे तिला भुतापेक्षा भयंकर वाटत होतं.

करमाडच्या अलीकडं गाडी एका उतारावर वळली. खाली दुमजली घर, बाजूला पत्र्याची शेड, दारात मोटारसायकल.

"आप घर पहुँच गए हैं," ती बाई म्हणाली आणि गप्प झाली.

घरातून सोमनाथ औताडे बाहेर आला. त्यानं माणसांकडं बघितलंच नाही. तो गाडीच्या नंबरप्लेटकडं बघत उभा राहिला.

"तुमच्याच घरी आणलं हिनं," मंजुषा खाली उतरत म्हणाली. "तुमचीच गाडी ना ही? दाखवायची, पांढरी."

"काय बोलताय मॅडम? नंबर बघा की!"

"नंबर अप्पारावांचा, गाडी तुमची. सीटखाली कोरलेला नंबर मी पुण्याला कळवला. ती गाडी तुमच्या ताब्यात आहे, असं कंपनी सांगते. पोलिसांनी पुलाजवळ फक्त प्लेट बघितली. प्लेट बदलताना तुम्ही खटका तोडला, नवा मिळेना, स्क्रू लावले. किलोमीटर जास्त, कारण ते तुमच्या रोजच्या फेऱ्यांचे. अप्पाराव ब्रेकची तक्रार घेऊन निघाले होते, आणि या गाडीचे ब्रेक ठणठणीत."

"तेवढ्यानं काय होतं?"

"मावशींनी बॉनेटखाली पंजा उमटवला होता. तुम्ही म्हणता, गाडी आलीच नाही, कुणी धुतली नाही. मग पंजा गेला कुठं? तो कधी या गाडीवर नव्हताच. भाड्याच्या गाडीला कुणी इतका जीव लावतं हे तुमच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही गाडीतले आपले कागद काढलेत, फोनची नावं पुसलीत. नकाशात 'घर' म्हणून स्वतःचं घर घातलंय, ते मात्र विसरलात. रोज सहाला कार्यालयातून निघायचात ना? गाडी अजून त्याच वेळेला घरी यायला निघते."

सोमनाथनं शेडकडं एकदा बघितलं. तेवढं गवळेंना पुरलं. मागून जीप आली, शिपाई उतरले, शेडची पत्र्याची दारं उघडली. आत ताडपत्रीखाली तशीच पांढरी गाडी होती. ड्रायव्हरकडचं दार आत चेपलेलं.

मग तो बोलला, उकिडवा बसून, जमिनीकडं बघत. ब्रेकचे भाग टाकलेच नव्हते, नुसतं बिल लावलं होतं. अप्पाराव कार्यालयात आले, त्यानं त्यांना इकडं शेडवर आणलं. "चालवून दाखवतो म्हणले. उतारावर ब्रेक लागला नाय, कठड्याला धडकले."

"तिथंच गेले?" गवळेंनी विचारलं.

सोमनाथनं बोटानं मातीत रेघ ओढली.

"तिथंच गेले का?"

"तासभर होते," तो पुटपुटला. "पाणी मागत होते. दवाखान्यात नेलं असतं तर ब्रेकचं बाहेर आलं असतं. शेडमागं नवा कोबा केलाय... तिथं हायेत."

श्रेया मटकन खाली बसली. "मी भाड्यानं घ्यायला लावली," एवढंच ती म्हणत राहिली.

केसरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गप, पोरी. गाडीनं नाय मारलं, भाड्यानं नाय मारलं. ह्या मान्सानं मारलं. तू बापाच्या सुखाचंच बघितलंस."

मग त्या शेडमध्ये गेल्या. कुणी अडवलं नाही. मंजुषानं बॉनेट उचलून धरलं. आतल्या बाजूला, धुळीखाली, पिवळालाल पंजा जसाच्या तसा होता. पाची बोटं स्पष्ट. केसरबाईंनी आपला हात त्यावर ठेवला, तो बरोबर बसला. चार महिन्यांत म्हातारी पहिल्यांदा रडली, अगदी मोकळ्या गळ्यानं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. कपाळाला मात्र हात लावला नाही.

"दुसरं घर नव्हतं ह्यांचं," त्या मंजुषाला म्हणाल्या. "गावात सांगा सगळ्यांना."

"सांगते, मावशी."

"आन् साहेब," त्या गवळेंकडं वळल्या, "काढा ह्यांना तिथून. आपल्या घरी न्यायचंय. बिडकीनला."

गवळेंनी शिपायांना कुदळी आणायला पाठवलं. मंजुषानं जाऊन बाहेर उभ्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि पडदा विझला.