प्रमाणनेत्र

सकाळी छपाईची यंत्रं सुरू व्हायच्या आधी शामराव हुक्केरीकर नेत्रमापकासमोर बसत, हनुवटी टेकवत आणि पडद्यावरच्या करड्या ठिपक्यांकडे पाहत. ठिपक्यात निळ्याची किंवा पिवळ्याची छटा जाणवली, तर चकती फिरवून ती घालवायची, एवढंच काम. ते झालं की यंत्र ‘आजचे प्रमाण नोंदले’ असं सांगे आणि ‘घोरपडे रंगमुद्रा’ची कोल्हापुरातली सगळी छपाई त्या प्रमाणावर चाले. हा नेम कधी चुकला नव्हता. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा अक्षतांच्या आधी ते इथं हनुवटी टेकवून गेले होते. विहीणबाई ते अजून ऐकवतात.

रंगाच्या धंद्यात गिऱ्हाइकाइतकं नाकाने कांदे सोलणारं कोणी नाही. फाइल स्वतः करून पाठवतात, कडेला कापायला जागा सोडायला विसरतात, मोबाइलवरचा फोटो भिंतीएवढा करून मागतात आणि माल हातात पडला की म्हणतात, “पडद्यावर रंग असा नव्हता.” या एका वाक्यापायी घोरपड्यांच्या आधीच्या पिढीचे केस पिकले. मग प्रमाणनेत्राची पद्धत आली आणि ते वाक्य ऐकू येणं बंद झालं.

डॉ. रुबिना मुजावर नेत्ररुग्णालयाची ऑर्डर घेऊन आल्या, तेव्हा शामरावांनी ही पद्धत त्यांना हौसेने समजावून सांगितली.

“रंग मोजायला यंत्र नाही का?” डॉक्टरांनी विचारलं.

“यंत्र उजेड मोजतं. रंग दिसतो तो डोळ्याला, आणि एकच कागद दोघांना थोडा वेगळा दिसतो. म्हणून ऑर्डर देणाऱ्याचा डोळा आम्ही दरवेळी मोजतो आणि माझ्या डोळ्याशी ताडून बघतो. दोघांत जो फरक निघेल तो त्याचा नेत्रपट. तेवढा फरक छपाईत भरून काढला, की पडद्यावर दिसला तोच रंग त्याला कागदावर दिसतो.”

“आणि तुमचा डोळा रोज मोजता?”

“शाई बदलते, दिवे म्हातारे होतात. काल मला करडा दिसलेला ठिपका आज पिवळसर दिसला, तर दिव्यात किंवा शाईत फरक पडला असं यंत्र समजतं आणि दुरुस्ती करतं.”

“माझे तक्ते तर जिल्हाभरातले रुग्ण बघणार. ते कोणाच्या डोळ्याला छापणार?”

“सरळ माझ्या,” शामराव म्हणाले. हे सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तक्ते होते मधुमेहाच्या रुग्णांसाठी. या रोगात नजर अधू होण्याच्या बरंच आधी निळ्याची पारख कमी होऊ लागते, पण रुग्णाला पत्ता लागत नाही. करड्या ठिपक्यांत फिकट निळा आकडा. धड डोळ्याला तो जेमतेम दिसावा, बिघडू लागलेल्याला दिसूच नये. वेळेवर कळलं तर डोळे वाचतात. गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नसले तरी भिंतीवर तक्ता असावा, एवढी डॉक्टरांची इच्छा होती. त्यांच्याकडे मूळ पानांचा एकच संच होता. तो यंत्राने वाचून घेतला आणि त्या परत घेऊन गेल्या. पुढची तयारी शामरावांनी पडद्यावर केली. पानांच्या कडा, कापायच्या खुणा, ठिपक्यांची धार त्यांनी डोळ्यात तेल घालून तपासली. तो पडदाही अर्थात त्यांच्याच डोळ्याला लावलेला होता.

प्रूफ पाहायला डॉक्टर आल्या, त्या दिवशी मालकीण वैजयंती घोरपडे खुशीत होती. जुन्या गिऱ्हाइकांचे नेत्रपट तिने संगणकाकडून ताडून घेतले होते.

“काकांच्या मानानं प्रत्येकाला पूर्वीपेक्षा निळा कमी लागतोय,” ती म्हणाली. “म्हणजे नजर सुधारलीय सगळ्यांची. आपली छपाई बघून बघून. जाहिरातच करूया की.”

“नजर नका लावू त्यांच्या नजरेला,” शामराव हसत म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. “वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं. निळा जास्त लागायला पाहिजे, कमी नाही. यांच्यात एकाचीही नजर उतरली नाही?”

“एकाचीही नाही,” वैजयंती अभिमानाने म्हणाली आणि तिने प्रूफ भिंतीवर लावलं.

“सात,” डॉक्टर दाराजवळ उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. “फार ठळक झालाय, शामराव. हा तर कोणीही वाचेल.”

शामरावांना राग आला. ते प्रूफजवळ गेले, डोळे बारीक केले, तेव्हा कुठे सात हाती लागला. “ठळक कुठला? जेमतेम दिसतोय. तुम्हाला पाहिजे होता तसाच.”

“काका,” वैजयंती हळूच म्हणाली, “मलापण इथनं दिसतोय. चांगला ठसठशीत.”

डॉक्टरांनी पिशवीतून एक पान काढून प्रूफशेजारी लावलं आणि त्या बाजूला झाल्या.

“हे बिनआकड्याचं कशाला लावलं?” शामरावांनी विचारलं.

वैजयंतीने मान खाली घातली.

“ते मूळ पान आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्यावरही सातच आहे.”

शामरावांनी पान दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, उलट करून पुन्हा सुलट केलं. करडे ठिपके होते, दुसरं काही नव्हतं. ते घाबरले, आणि घाबरले तरी हिशोब लागायचा थांबला नाही. दिवे ठीक होते, शाई ठीक होती. त्यांनी रोज सकाळी चकती निळ्याकडे केसभर जास्त फिरवली होती आणि यंत्राने प्रामाणिकपणे सगळ्या जगाला दुरुस्त केलं होतं. गिऱ्हाइकांचा फरक भरून निघत होता, म्हणून तक्रार आली नाही. ज्याला नेत्रपट नाही असं काम आज पहिल्यांदाच आलं होतं.

“ताई, ऑर्डर थांबवा,” ते म्हणाले. “हा तक्ता माझ्यासारख्या प्रत्येकाला पास करून घरी पाठवेल. आणि जाहिरात नको. गिऱ्हाइकांचे डोळे सुधारले नाहीत, माझा उतरलाय.”

वैजयंतीने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. ते बसले.

“रक्तातली साखर शेवटची कधी तपासलीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही तपासली कधी. उपाशीपोटी सकाळी बोलावतात ना,” शामराव म्हणाले. “सकाळी मला इथं यावं लागायचं.”